कार्बाइनच्या क्लासला ९ मिमीची पीसीसी नेली तर चालेल का?

प्रश्न थोडक्यात असा आहे. डॅलसजवळ राहणाऱ्या एका मराठी जोडप्याला गेल्या वर्षी ग्रीन कार्ड मिळालं. त्यानंतर त्यांनी रूगर कंपनीची ९ मिमी पीसी कार्बाइन घेतली. ही पीसीसी, म्हणजे पिस्तुलाची गोळी मारणारी, खांद्याला लावायची आखूड बंदूक. आता त्यांना दोन दिवसांच्या कार्बाइन क्लासला जायचं आहे. इन्स्ट्रक्टर म्हणतो, 'पीसीसी चालेल'. मित्र म्हणतो, 'पैसे पाण्यात जातील, आधी एआर-१५ घे', म्हणजे ५.५६ मिमीच्या गोळीची रायफल. जोडप्यातल्या वहिनींनाही शिकायचं आहे. त्यांची उंची पाच फूट, आणि पिस्तुलाची स्लाइड, म्हणजे वरचा सरकता भाग, त्यांना मागे ओढवत नाही.

मी टेक्सासमध्ये बारा वर्षं शनिवार-रविवार शिकवतो आहे. माझ्या वर्गात एआर घेऊन येणारे जास्त असतात, पण दर वेळी दोन-तीन जण पीसीसी घेऊन येतात. त्या अनुभवावर सांगतो: न्या, खुशाल न्या. फक्त ती एआरची स्वस्त आवृत्ती आहे असं मनात धरून नेऊ नका. ती वेगळी बंदूक आहे. काही गोष्टी ती एआरपेक्षा चांगल्या शिकवते आणि काही गोष्टी अजिबात शिकवत नाही. कुठल्या ते माहीत असलं की दोन्ही दिवस सार्थकी लागतात.

आपल्याकडे कार्बाइन म्हटलं की डोळ्यांसमोर येते बंदोबस्तावरच्या पोलिसाच्या खांद्यावरची ती आखूड, जाळीच्या नळीची बंदूक. मूळची ब्रिटिश स्टर्लिंग, नंतर कानपूरला बनलेली. तीही ९ मिमीचीच, म्हणजे पिस्तुलाची गोळी आणि खांद्याला टेकवायचा दस्ता. कल्पना त्याहून जुनी आहे. विंचेस्टरची १८७३ची रायफल .४४-४०च्या काडतुसावर चालायची आणि पुढे कोल्टनेही त्याच काडतुसाचं रिव्हॉल्व्हर काढलं, त्यामुळे घोड्यावरच्या माणसाला कमरेला एकच पट्टा पुरायचा. तुमच्या रूगरच्या खोक्यात ग्लॉक पिस्तुलाच्या मॅगझिनसाठी वेगळा मॅगवेल, म्हणजे मॅगझिन बसवायचा खाचा, दिलेला असतो, त्यामागचा हिशोबही हाच आहे.

आता मुद्द्याचं. दोन दिवसांच्या वर्गात माणूस नक्की काय शिकतो? माझ्या मते ऐंशी टक्के वेळ या गोष्टींत जातो: बंदूक खांद्याला एकाच जागी, एकाच दाबाने येणं, गाल दस्त्यावर दर वेळी तिथेच टेकणं, सेफ्टी नेम धरताना निघणं आणि नेम सोडताना लागणं, ट्रिगरवरचं बोट वेळेआधी आत न जाणं, मॅगझिन न बघता बदलता येणं, आणि चालताना, वळताना, गुडघ्यावर बसताना नळीचं तोंड कुठे आहे याचं भान. यातल्या एकाही गोष्टीला ५.५६ची गोळी लागत नाही. उलट ९ मिमीचा आवाज आणि झळ कमी असल्यामुळे नवखा माणूस डोळे मिटायचं लवकर थांबवतो. शेजारच्या लेनमध्ये आखूड नळीची एआर धडाडत असेल तर नवा विद्यार्थी स्वतःच्या बंदुकीकडे लक्ष देतच नाही, त्या धक्क्यालाच दचकत राहतो. पहिल्या दिवशी सकाळी मला हे नेहमी दिसतं.

दुसरा फायदा जागेचा. डॅलसच्या उन्हाळ्यात बाहेरच्या रेंजवर दुपारी उभं राहणं म्हणजे काय ते तुम्हाला माहीत आहे. गावातल्या काही इनडोअर रेंज पिस्तुलाच्या गोळीपुरत्या बांधलेल्या असतात. तिथे रायफल चालत नाही, पीसीसी बहुधा चालते. क्लासनंतर दर पंधरवड्याला तासभर सराव करणं शक्य झालं तर क्लासचं शिकलेलं टिकतं. लोखंडी टार्गेटचंही तसंच. ५.५६ साठी लोखंड साधारण १०० यार्डांवर ठेवतात, कारण जवळून त्या वेगाची गोळी चांगल्या पोलादालाही खड्डे पाडते आणि खड्ड्यातून तुकडे उलटे येतात. ९ मिमी पिस्तुलाच्या अंतरावरून, म्हणजे दहा-पंधरा यार्डांवरून, लोखंडावर चालवता येते. 'टण्' असा आवाज आला की नवख्याच्या चेहऱ्यावर जे येतं ते कागदाला भोक पडून येत नाही. सराव वाढायला त्याची मदत होते.

तिसरा फायदा खर्चाचा. भाव वरखाली होतात, पण सरावाची ९ मिमी गोळी साधारण ५.५६च्या निम्म्या किमतीत पडते. दोन दिवसांत ८०० राउंड लागले तर फरक दीडशे-दोनशे डॉलरचा. दोघं शिकणार असाल तर त्याच्या दुप्पट.

आता मित्राच्या म्हणण्यात काय खरं आहे ते.

पहिली गोष्ट अंतराची. १६ इंची नळीतून ११५ ग्रेन वजनाची ९ मिमी गोळी सेकंदाला साधारण १३०० फुटांनी निघते, ५.५६ची ३००० फुटांच्या आसपास. त्यामुळे एआर ५० यार्डांवर झिरो केली, म्हणजे त्या अंतरावर गोळी नेमाच्या जागीच लागेल अशी जुळवली, की २०० यार्डांपर्यंत फारसा विचार करावा लागत नाही. तुमची पीसीसी २५ यार्डांवर झिरो केली तर ५० यार्डांवर गोळी नेमाच्या जवळपासच लागेल, १०० यार्डांवर दोन ते सहा इंच खाली (रेड डॉट, म्हणजे लाल ठिपका दाखवणारं नेमाचं भिंग, नळीपासून किती उंच बसवला आहे त्यावर हे ठरतं) आणि १५० यार्डांवर दीड फुटाच्या आसपास खाली. म्हणून फोनवर इन्स्ट्रक्टरला एकच प्रश्न विचारा: 'सर्वांत लांबचं टार्गेट किती यार्डांवर?' उत्तर १०० किंवा कमी आलं तर निर्धास्त जा. रविवारची अख्खी दुपार २०० आणि ३०० यार्डांवर असेल तर तो वर्ग तुमच्या बंदुकीचा नाही. दुसरा वर्ग शोधा. टेक्सासमध्ये कमी नाहीत.

दुसरी गोष्ट धक्क्याची, आणि इथे भलेभले फसतात. गोळी लहान म्हणून धक्का एआरपेक्षा कमी असेल असं सगळ्यांना वाटतं. एआरमध्ये बोल्ट, म्हणजे काडतूस मागून धरणारा सरकता भाग, नळीला कुलूपबंद असतो, गॅसने कुलूप उघडतं, मग तो मागे जातो. साध्या ब्लोबॅक पीसीसीत कुलूपच नसतं. बोल्टच्या वजनाने काडतूस जागेवर धरून ठेवायचं असतं, म्हणून तो बोल्ट बराच जड करतात. रूगरने त्यात टंगस्टनचं सरकतं वजन घालून तो ठोसा मऊ केला आहे, तरी मागे-पुढे जाणारं ते लोखंड खांद्याला जाणवतंच. एआरचा धक्का एक लांब ढकलल्यासारखा येतो. पीसीसीचा दोन छोट्या टपल्यांसारखा, एक मागे आणि एक पुढे. पुढच्या टपलीने डॉट खाली बुचकळतो, आणि घाईने दुसरी गोळी मारली की ती खाली जाते. विद्यार्थी म्हणतो, 'माझा झिरो गेला'. झिरो जागेवर असतो, पकड सैल असते. पुढचा हात नळीभोवतीच्या हँडगार्डवर लांब घ्या, दस्ता खांद्यात ओढून धरा आणि डॉट परत वर येईपर्यंत थांबा. सिग एमपीएक्ससारख्या गॅसवर चालणाऱ्या किंवा सीएमएमजीच्या विलंबित ब्लोबॅकच्या (बोल्ट जरा उशिरा मागे सोडणाऱ्या) पीसीसीत हे कमी जाणवतं, पण त्यांची किंमतही तशीच असते. शिकण्यासाठी तुमच्या रूगरमध्ये काही कमी नाही.

त्या जड बोल्टचा आणखी एक त्रास म्हणजे स्क्रू ढिले होतात. रेड डॉटचे, माउंटचे, सगळे. क्लासच्या आधी ते नीट कसून, प्रत्येक स्क्रूच्या डोक्यावरून बाजूच्या धातूवर नेलपेंटची एक बारीक रेघ ओढा. लाल चालेल, चंदेरी नको, उन्हात दिसत नाही. दोन मॅगझिन झाल्या की नुसती नजर टाकायची. रेघ तुटली असेल तर स्क्रू फिरला. मागच्या वसंतात एकाने अख्खी सकाळ ट्रिगर सुधारण्यात घालवली. गोळ्यांचा गट कधी डावीकडे, कधी वर. जेवणाच्या सुट्टीत मी माउंटला हात लावला तर तो हलत होता. त्याची सकाळ गेली आणि मीही दोन तास त्याच्या बोटाकडेच बघत बसलो, याचं मला आजही वाईट वाटतं. तेव्हापासून माझ्या पेटीत नेलपेंटची बाटली असते.

रूगरची नळी काढता येते, प्रवासाला ते बरं पडतं. क्लास चालू असताना मात्र काढू नका. रेड डॉट रिसीव्हरवर असतो आणि नळी वेगळी होते, परत जोडताना झिरो थोडा सरकू शकतो. आदल्या दिवशी जोडून, जोडावरची रिंग घट्ट आहे ना ते बघून, झिरो करून ठेवा.

तिसरी गोष्ट बिघाडांची, आणि ही मला सर्वांत महत्त्वाची वाटते. गोळी सुटली नाही की मॅगझिनला खालून ठोका, बोल्ट ओढा, पुन्हा नेम धरा, हे आम्ही शिकवतो आणि पन्नासदा करून घेतो. हात विचार न करता ते करायला लागतो, तोच हेतू. पीसीसीतही हे चालतं. पण ९ मिमी लोक स्वस्तात घेतात, कधी घरी पुन्हा भरलेली वापरतात, आणि त्यात एखादं काडतूस दारूविना किंवा अर्ध्या दारूचं निघतं. त्याला स्क्विब म्हणतात. काडतुसाच्या बुडाशी ठिणगी पाडणाऱ्या प्रायमरच्या बळावर गोळी नळीत काही इंच जाऊन अडकते. पिस्तुलाच्या चार इंची नळीतून कदाचित बाहेर पडली असती ती १६ इंची नळीत राहते. बोल्टला मागे जायला जोर मिळत नाही, तो हलत नाही. विद्यार्थ्याला वाटतं साधा बिघाड. ठोका, ओढा, नेम, ट्रिगर. म्हणजे आम्हीच लावलेली सवय अडकलेल्या गोळीवर दुसरी गोळी मारायला लावते, आणि नळी फुगते किंवा फाटते.

माझ्या वर्गात हे एकदा होता होता राहिलं. सात यार्डांवर जोड्यांचा सराव चालला होता. धाड-धाड, धाड-धाड, आणि मध्येच कोणीतरी टाळी वाजवावी तसा 'फट्'. त्या मुलाचा डावा हात मॅगझिनकडे गेलाही होता. मी 'सीझ फायर' ओरडलो आणि त्याच्या खांद्यावर तळहात ठेवला. ठरल्याप्रमाणे सगळी लाइन थांबली. मॅगझिन काढलं, बोल्ट मागे अडकवला, काडतूस बसतं ते चेंबर रिकामं पाहिलं, तोंडाकडून साफसफाईची काठी आत सोडली. ती चेंबरपर्यंत जायला हवी होती, चार बोटं आधीच थांबली. त्या मुलाने काठीकडे पाहिलं आणि तो खालीच बसला. त्यानंतर मी ठोका-ओढा शिकवण्याआधी कान शिकवतो: आवाज वेगळा आला, धक्का कमी लागला, की हात जागेवर ठेवायचा आणि ओरडायचं. ओळीतल्या कोणीही ओरडायचं, स्वतःची बंदूक नसली तरी. क्लासला फक्त कारखान्याची नवी गोळी आणा. घरी भरलेली गोळी, कितीही जवळच्या मित्राने भरलेली असली तरी, नको.

बाकी बिघाडांत फरक किरकोळ आहेत. एआरचा फॉरवर्ड असिस्ट, म्हणजे बोल्ट पुढे ढकलून बंद करायचं बटण, तुमच्या बंदुकीला नाही आणि त्याची उणीव भासणार नाही. इन्स्ट्रक्टर 'फॉरवर्ड असिस्ट मारा' म्हणाला तर तुम्ही बोल्ट पुन्हा ओढून सोडा. दोन काडतुसं एकदम अडकली तर बोल्ट मागे अडकवा, मॅगझिन ओढून काढा, बोल्ट दोन-तीनदा चालवा, नवं मॅगझिन घाला. मॅगझिन तोंडापर्यंत भरू नका. बंद बोल्टखाली काठोकाठ भरलेलं मॅगझिन नीट बसत नाही, बसल्यासारखं वाटतं आणि पहिल्या गोळीनंतर पायाशी पडतं. एक-दोन काडतुसं कमी भरा, खालून ढकला आणि मग ओढून बघा.

जवळच्या अंतरावर एक गोष्ट मुद्दाम करून घ्या. डॉट नळीच्या वर दीड-दोन इंच किंवा जास्त असतो, म्हणून सात यार्डांवर गोळी जवळपास तेवढी खाली लागते. आम्ही टार्गेटच्या डोक्यावर तीन बाय पाच इंचाचं कार्ड चिकटवतो. पहिल्यांदा सगळे कार्डाच्या मध्यावर डॉट ठेवतात आणि गोळ्या खालच्या कडेला किंवा कार्डाच्या बाहेर लागतात. मग वरच्या कडेला डॉट ठेवायला सांगतो आणि गोळ्या मध्ये येतात. एआरलाही हाच हिशोब आहे, आकडा थोडा वेगळा. पीसीसीवर हे ज्याच्या हाडीमासी खिळलं त्याला पुढे एआर घेतली तरी नव्याने शिकावं लागत नाही.

आता वहिनींबद्दल. पिस्तुलाची स्लाइड ओढवत नाही म्हणून पीसीसी, हे अनेक घरांत होतं आणि निर्णय योग्य आहे. पण पीसीसीचा बोल्टही हलका नाही. ओढायची रीत बदलावी लागते. माझ्याकडे एक मावशी येत असत, वय बासष्ट, अंगठ्याच्या मुळाशी संधिवात. त्या दोन बोटांच्या चिमटीने बोल्टचं हँडल ओढत आणि अर्ध्यावर सोडून देत. मी त्यांना दस्ता मांडीच्या वरच्या भागाला टेकवायला सांगितला, नळीचं तोंड टार्गेटकडे, बोट ट्रिगरच्या बाहेर, आणि हँडल चिमटीऐवजी हाताच्या कडेने, करंगळीखालच्या मांसल भागाने मागे ढकलायला सांगितलं. भाकरी थापताना तळहाताचा जो भाग वापरता तोच, असं म्हटल्यावर त्यांना लगेच उमगलं. तिसऱ्या वेळी बोल्ट पूर्ण मागे गेला. रूगरचं हँडल दोन्ही बाजूंना बसवता येतं, तेव्हा वहिनींना कुठल्या हाताने सोपं जातं ते बघून आधीच ठरवा.

दस्त्याची लांबीही बघा. पाच फूट उंचीच्या व्यक्तीला कारखान्याची लांबी जास्त पडते. मग ती कंबर मागे वाकवून, बंदुकीच्या वजनाला पाठीने तोलत उभी राहते. असं उभं राहिलं की प्रत्येक गोळीला तोल मागे जातो, आणि लोक म्हणतात 'बाईला धक्का सोसत नाही'. दोष दस्त्याचा असतो. साध्या दस्त्याच्या रूगरच्या टोकाला स्पेसर असतात. एक-दोन काढले की लांबी कमी होते, स्क्रूड्रायव्हरचं दहा मिनिटांचं काम. तुम्ही दोघं एकच बंदूक वापरणार असाल तर लांबी वहिनींच्या मापाने ठेवा. उंच माणूस आखूड दस्त्यावर जमवून घेतो, बुटक्या माणसाला लांब दस्त्यावर जमवता येत नाही. आणि शक्य असेल तर एकाच क्लासला एकाच बंदुकीवर दोघांनी जाऊ नका. निम्मा वेळ बघण्यात जातो, आणि नवरा शेजारी उभा राहून सूचना देत राहतो. तुमच्याबद्दल म्हणत नाही, बारा वर्षांत हे पाहत आलो आहे. वहिनींना वेगळा शनिवार द्या. तिथे त्यांना इन्स्ट्रक्टरचं एकट्याचं ऐकू दे.

कपड्यांचं लक्षात ठेवा. बंद गळ्याचा शर्ट, टोपी, बंद बूट. तापलेलं रिकामं काडतूस उडून गळ्यात किंवा चष्म्याच्या मागे जातं आणि माणूस उसळतो. एका तरुणाच्या कॉलरमध्ये असंच गेलं आणि तो नळीसकट माझ्याकडे वळला. बोट ट्रिगरच्या बाहेर होतं, म्हणून मी आज हे लिहितो आहे. चटका बसला तरी आधी बंदूक टार्गेटकडे, सेफ्टी, मग गळ्यात हात. भाजलेलं दोन दिवसांत बरं होतं. नेमबाजीचे शिक्षक जेफ कूपर यांनी १९७६ साली ॲरिझोनात पॉल्डनला गनसाइट ही प्रशिक्षणशाळा सुरू केली. प्रत्येक बंदूक भरलेली समजा, ज्याचा नाश करायचा नाही त्याच्याकडे नळी वळवू नका, नेम बसेपर्यंत बोट बाहेर, टार्गेट आणि त्याच्या मागचं ओळखा, हे त्यांचे चार नियम आज सगळीकडे पहिल्या तासाला सांगतात. पीसीसी घेताना दुसरा नियम जास्त सांभाळावा लागतो. पिस्तुलाची सवय असलेला माणूस हातभर लांब नळी घेऊन पिस्तुलासारखा वळतो, आणि शेजाऱ्याच्या गुडघ्यांवरून नळी फिरून जाते. कानांसाठी आत प्लग आणि वर मफ, दोन्ही. इनडोअर रेंजवर शिशाची धूळ असते, जेवणाआधी हात आणि तोंड साबणाने धुवा. आणि क्लासच्या सुरुवातीला जखम झाली तर कोण ९११ला फोन करणार, पत्ता काय, टूर्निके (रक्तस्राव थांबवायचा पट्टा) कुठे आहे हे सांगितलं नाही, तर तुम्ही विचारा. इन्स्ट्रक्टरने कपाळाला आठ्या घातल्या तर तिथून परत फिरायलाही हरकत नाही.

'९ मिमी भिंतीतून कमी जाते म्हणून घरासाठी चांगली' असं दुकानात सांगितलं असेल. त्यावर विसंबू नका. इथल्या घरांच्या आतल्या भिंती म्हणजे लाकडी चौकटीवर दोन्हीकडून अर्धा इंच जिप्समचा पत्रा. ९ मिमी अशा कित्येक भिंती पार करते, आणि काही वेळा हलक्या ५.५६पेक्षा जास्त. पुण्यातल्या नऊ इंची विटांच्या भिंतीचा हिशोब डोक्यातून काढा. मुलांची खोली कुठल्या दिशेला आहे, शेजाऱ्याचा पलंग कुठे आहे, हे तुमच्या घराच्या नकाशावर एकदा बोट फिरवून दोघांनी बघा. आणि टेक्सासमध्ये निष्काळजीपणे ठेवलेली भरलेली बंदूक सतरा वर्षांखालच्या मुलाच्या हाती लागली तर तो गुन्हा आहे. कुलूपबंद तिजोरी बंदुकीच्या खर्चातच धरा.

कायद्याची एक गोष्ट तुमच्या मित्रमंडळींसाठी. तुमचं ग्रीन कार्ड आहे, तुम्हाला अडचण नाही. पण एच-१बी, एल-१ किंवा एफ-१ अशा नॉनइमिग्रंट व्हिसावर आलेल्याला फेडरल कायद्याने बंदूक किंवा गोळी जवळ बाळगायला मनाई आहे. वैध शिकारीचा परवाना असणं असे मोजके अपवाद आहेत. रेंजवर मित्राची बंदूक हातात घेणं हेही 'जवळ बाळगणं' धरलं जाऊ शकतं. ऑफिसच्या सहकाऱ्याला 'चल, दहा गोळ्या मारून बघ' म्हणून नेऊ नका. आधी त्याने इमिग्रेशनच्या वकिलाशी बोलावं. त्याचं ग्रीन कार्ड त्या दहा गोळ्यांपेक्षा मोठं आहे. शिवाय राज्य बदललं की नियम बदलतात. न्यू जर्सीत मॅगझिनला दहाची मर्यादा आहे. इलिनॉयच्या २०२३च्या कायद्यात पिस्तुलाला पंधरा आणि लांब बंदुकीला दहा अशी आहे, म्हणजे पिस्तुलात चालणारं तेच मॅगझिन तुमच्या कार्बाइनमध्ये चालणार नाही. एडिसनच्या किंवा शिकागोच्या नातेवाइकांकडे बंदूक घेऊन जायचा विचार असेल तर निघण्याआधी तिथला कायदा वाचा.

एआर घ्यायची का? आत्ता नको. या बंदुकीवर दोन दिवस करा, सहा महिने सराव करा, मग एखाद्या दिवशी रेंजवर भाड्याने एआर घेऊन ५० यार्डांवर दोन मॅगझिन मारून बघा. तुम्हाला लांबचं आवडलं तर घ्या, नाहीतर आहे तिच्यात पुष्कळ शिकण्यासारखं आहे. यूएसपीएसए आणि आयडीपीए या नेमबाजी संघटनांच्या स्पर्धांत पीसीसीचा स्वतंत्र विभाग आहे, आणि महिन्यातल्या एका शनिवारी क्लब मॅच मारली तर कुठल्याही इन्स्ट्रक्टरपेक्षा तुमचं घड्याळ तुम्हाला जास्त सांगेल. वहिनींना आधी शांतपणे नेमबाजी शिकायची असेल तर .२२ची रायफल घेऊन ॲपलसीड या रायफल नेमबाजीच्या शिबिराचा शनिवार-रविवार उत्तम. २५ यार्डांच्या आसपास, जमिनीवर पडून, रायफलचा पट्टा हाताला गुंडाळून, श्वास मोजत. मी कॉलेजात एनसीसीची .२२ डिलक्स रायफल अशीच शिकलो. पन्नास-पन्नास गोळ्यांचा हिशोब उस्ताद वहीत लिहायचे, तेव्हा एकेक गोळी कशी मारायची ते शिकायलाच लागायचं.

शेवटची गोष्ट, आणि ही प्रत्येक मराठी विद्यार्थ्याला मी उभं करून सांगतो. क्लासला जी बॅग न्याल ती दुसऱ्या कशालाही वापरू नका. भारतात ९ मिमी ही सामान्य परवानाधारकालाही न मिळणारी गोळी आहे, आणि तिथे परवान्याविना एक काडतूस बाळगणं हाही आर्म्स ॲक्टखाली गुन्हा आहे. माझ्या ओळखीचे एक गृहस्थ आईच्या आजारपणाची बातमी ऐकून घाईने निघाले, हाताला लागली ती पाठपिशवी उचलली. तिच्या आतल्या कप्प्याच्या शिवणीत एकच काडतूस अडकलं होतं. परतीच्या वेळी मुंबई विमानतळावरच्या एक्स-रेत ते दिसलं. पुढचे कित्येक महिने वकील, जामीन आणि तारखा. तुमची रेंजची बॅग वेगळ्या रंगाची घ्या, गॅरेजमध्ये खिळ्याला टांगा, आणि घरात सगळ्यांना सांगून ठेवा की ती तिथून फक्त रेंजला जाते.